थार घेतली, पण साल्हेरकडच्या कच्च्या वाटांवर नेण्याआधी ती तयार कशी करायची?

११ जुलै २०२५ रोजी साल्हेर किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली जे बारा किल्ले यादीत आले, त्यात नाशिक जिल्ह्यातला हा एकच. उंची १५६७ मीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत उंच किल्ला. नाशिककडून तिथे निघालेली गाडी सहसा सटाण्यातूनच पुढे जाते. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर आणि मग सेलबारी-डोलबारीचे डोंगर.

पायथ्याच्या गावांपर्यंत साधी कारही जाते. खरा प्रश्न आहे तो त्यापलीकडच्या वाटांचा. पाड्यांकडे चढणारे कच्चे रस्ते, मोसम आणि आरमच्या पात्रात उतरणाऱ्या वाटा, मुरूम टाकून तसेच सोडलेले पाणंद रस्ते. ‘आपली गाडी फोर बाय फोर आहे, जाईल की’ असं म्हणत याच वाटांवर गाड्या घातल्या जातात. काही जातात, काही अडकतात आणि मग गावातला ट्रॅक्टर शोधायची वेळ येते.

गंमत म्हणजे ज्या थारवर ही सगळी हौस चालते, ती नाशिकच्याच कारखान्यात तयार होते. पण कारखान्यातून निघालेली गाडी आणि दगडगोट्यांच्या वाटेसाठी तयार असलेली गाडी यांत फरक असतो. हा फरक भरून काढायला लाखो रुपये लागतात, असा समज आहे. प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत आणि सर्वांत महागड्या गोष्टींपैकी निम्म्या नसल्या तरी चालतात.

आधी खात्री करा, गाडी खरंच फोर बाय फोर आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो रास्त आहे. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या स्वस्त व्हेरियंटमध्येही मिळू लागली. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. पाच दरवाजांची थार रॉक्स २०२४ मध्ये बाजारात आली, तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेल इंजिनासोबत होतं. मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा यांत मात्र ते मिळतंच. सेकंडहँड गाडी घेताना तर गिअरच्या बाजूला दुसरा छोटा लिव्हर किंवा फोर बाय फोरचं बटण आहे का, ते डोळ्यांनी बघून घ्यावं.

दुसरा प्रश्न ‘लो रेंज’चा. अनेक मोठ्या एसयूव्ही चारही चाकं फिरवतात, पण त्यांत लो रेंज नसते. लो रेंज म्हणजे गिअरबॉक्सनंतर येणारी गिअरची आणखी एक पायरी. थारमध्ये ती चाकांवरची ताकद जवळपास अडीच पट करते, जिम्नीत दोन पट. तेवढ्याच प्रमाणात वेग कमी होतो. चढावर हा फायदा लगेच कळतो, पण खरा उपयोग उतारावर होतो. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून ब्रेकवरचा पाय काढला, तरी इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ती चालत्या माणसाच्या वेगाने उतरते. सुट्या खडीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं जाम होतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंगचा काही उपयोग उरत नाही. न्यूट्रलमध्ये उतरवणं तर अपघाताला बोलावणंच.

वापरण्याचे दोन नियम. लो रेंज टाकताना गाडी थांबवून गिअर न्यूट्रलला आणायचा. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावायचंच नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट या वेळी एकमेकांना जखडलेले असतात. माती किंवा खडीवर चाक थोडं घसरून हा फरक जिरवतं. डांबरावर ते घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. घाटात ‘सेफ्टीसाठी’ म्हणून फोर बाय फोर लावून फिरणारे अनेक जण नकळत हेच नुकसान करून घेतात.

उलट टोकाची माणसंही आहेत. वर्षभर ज्यांचा त्या लिव्हरला हात लागत नाही आणि ऐन चिखलात तो हलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर बाय फोर चालवलं, तर आतलं ऑइल फिरत राहतं.

एक चाक हवेत गेलं की गाडी का थांबते?

चारही चाकांना ताकद असूनही गाडी एका खड्ड्यापाशी जागच्या जागी चाक फिरवत राहते. असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. दोष डिफरन्शियलच्या स्वभावाचा. साधं डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकाला नेहमी सारखाच पीळ देतं. हवेत असलेलं चाक फिरायला जवळजवळ काहीच पीळ लागत नाही. त्यामुळे जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. खडबडीत वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी दोन चाकं एकदम हलकी झाली, की चारही चाकांचा खेळ संपतो.

यावर तीन उपाय कारखान्यातूनच येतात. फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, वेगात मोठा फरक पडला की आपोआप जखडणारं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (थारच्या काही व्हेरियंटमध्ये मागच्या एक्सलला) आणि चालकाने हाताने जखडायचे डिफ लॉक, जे गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे आहेत. आपल्या गाडीत यातलं काय आहे, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं, कारण तिन्हींची चालवण्याची रीत वेगळी आहे. ब्रेकवर चालणाऱ्या यंत्रणेला चाक थोडं फिरू द्यावं लागतं, म्हणजे घाबरून ॲक्सिलेटर सोडायचा नाही. हाताच्या लॉकमध्ये मात्र अडथळ्याच्या आधीच लॉक लावायचं आणि पलीकडे गेल्यावर लगेच काढायचं.

सर्वांत मोठा बदल फुकट होतो : टायरची हवा

लाखभराचं सस्पेन्शन बसवण्याआधी हे छोटं गणित बघा. गाडी, माणसं आणि सामान मिळून वजन २००० किलो धरू. प्रत्येक चाकावर ५०० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय असेल, तर हे वजन पेलायला जमिनीला टेकलेला भाग साधारण २२० चौरस सेंटिमीटर लागतो. तुमच्या हातातल्या मोबाइलचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दोन टनांची गाडी एका चाकाखाली दोन मोबाइलपेक्षाही कमी जागेवर उभी असते. हवा २० वर आणली की हीच जागा ३५० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास तीन मोबाइल. टायरच्या भिंतीचा ताठपणा धरला तर आकडे थोडे बदलतील, पण दिशा हीच राहते. पैसे न खर्च करता पकड दीडपट जागेवर पसरते.

शिवाय मऊ टायर दगडाभोवती वाकतो. कडक टायर दगडावर उडतो, आतल्या माणसांची हाडं खिळखिळी करतो आणि टोकदार दगडाने लवकर फाटतो. बागलाणचा डोंगर बेसाल्टचा आहे. या दगडाच्या ताज्या फुटलेल्या कडा चांगल्याच धारदार असतात.

किती कमी करायची? सुट्या खडीवर आणि दगडांवर साधारण २० ते २४, वाळूत किंवा मऊ मातीत १८ च्या आसपास. त्याखाली जायला अनुभव हवा, कारण वळण घेताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा आणि झटक्याने वळायचं नाही.

यासाठी दोन वस्तू लागतात. बऱ्यापैकी प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा असेल तर तो छोटाच घ्यावा लागतो. मोठा लावला की फ्यूज जातो. मोठा कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून आणि इंजिन चालू ठेवून वापरायचा. दोन्ही वस्तू मिळून काही हजारांत येतात. ज्यांना एकाच गोष्टीवर खर्च करायचा आहे, त्यांनी इथे करावा.

टायर कोणता? हायवे टायर डांबरासाठी, ऑल टेरेन दोन्हीकडे, मड टेरेन फक्त वाटेसाठी. नाशिक-सटाणा असा लांबचा डांबरी प्रवास करून शेवटी वीस-पंचवीस किलोमीटर कच्च्यावर जाणाऱ्याला ऑल टेरेन पुरतो. मड टेरेन दिसतो रुबाबदार, पण ओल्या डांबरावर त्याचा ब्रेक लांब लागतो आणि आवाजाने डोकं उठतं. टायर कोणताही असो, स्टेपनी त्याच मापाची आणि हवा भरलेली हवी. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

काळ्या मातीपुढे कुणाचं चालत नाही

बागलाणच्या खोऱ्यांत काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. टायरच्या खाचा पहिल्या दहा-वीस फुटांतच भरून जातात आणि मग मड टेरेन काय, हायवे टायर काय, सगळेच गुळगुळीत. चाक फिरवून माती उडवायचा प्रयत्न केला की गाडी आणखी रुतते आणि चेसिस जमिनीला टेकतो.

इथे गाडीची तयारी संपते आणि शेतकऱ्याचं ज्ञान सुरू होतं. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाहीत. ओल उतरून माती मोकळी व्हायची वाट बघतात. वाटेलाही हाच नियम लावावा. काळ्या मातीच्या वाटेत गाडी घालण्याआधी खाली उतरून चार पावलं चालायचं. बुटाला मातीचा गोळा चिकटून पाय जड झाला, तर गाडी फिरवायची. मुरमाड किंवा खडकाळ वाट असेल, तर त्याच पावसात ती नीट चालते. म्हणून वाट कुठल्या मातीतून जाते, हे गावात विचारून घेणं नकाशापेक्षा उपयोगी.

यात फक्त गाडी अडकण्याचा प्रश्न नाही. या वाटा म्हणजे कुणाचा तरी डाळिंबाचा, कांद्याचा माल बाजारात न्यायचा रस्ता असतो. ओल्या वाटेत दोन टनांच्या गाडीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात. नंतर त्यातून कांद्याने भरलेली पिकअप काढताना तिचं पोट घासतं, ट्रॉली कलते. पर्यटकाची रविवारची मजा गावाला महिनाभर निस्तरावी लागते.

६५० मिमी म्हणजे किती पाणी?

थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनीने ६५० मिलिमीटर सांगितली आहे. साधारण उंचीच्या माणसाच्या मांडीपर्यंतचं पाणी. गुरखाचा आकडा ७००. हा आकडा वाचून अनेकांना बळ येतं. पण तो साचलेल्या, तळ टणक असलेल्या पाण्यासाठी आहे. वाहत्या नाल्यासाठी नाही.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यात गाडी तरंगण्याचं गणित आहे. साधारण चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद गाडीचा तळ बुडाला, की पुढच्या प्रत्येक १० सेंटिमीटर पाण्याला ती ७०० किलोपर्यंत उचलली जाऊ शकते. पाणी आत शिरेल तसा हा आकडा कमी होतो, पण तोवर टायर जमीन सोडू लागलेले असतात. टायरच टेकलेले नसतील, तर फोर बाय फोर, डिफ लॉक, लो रेंज सगळं शून्य. फरशी पुलावरून पाणी जात असताना बाजूला उभे असलेले गावकरी ‘नका जाऊ’ म्हणतात, ते याच अनुभवातून. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण आहे. पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली ऊन असतानाही वाढतं.

सरळ नियम असा. पाणी वाहत असेल आणि ते चालत पार करायची तुमची तयारी नसेल, तर गाडीही घालायची नाही. गढूळ पाण्याचा तळ दिसत नसेल, तरी नाही. साचलेलं पाणी असेल, तर आधी काठीने खोली बघायची, लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर टाकायचा आणि चालत्या माणसाच्या वेगाने, मध्ये गिअर न बदलता पलीकडे जायचं. सोशल मीडियावर दिसतो तसा पाण्याचा फवारा उडवायचा नाही. त्या फवाऱ्यातलंच पाणी हवेच्या पाइपातून इंजिनात जातं.

इंजिनात पाणी गेलं तर? डिझेल इंजिन सिलिंडरमधली हवा पंधरा-सोळा पट दाबतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. ही एक चूक इंजिनाचा पूर्ण खर्च अंगावर आणते. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी काढून बघा, आत्ताच.

स्नॉर्कल लावला की प्रश्न मिटतो, हा आणखी एक गैरसमज. स्नॉर्कल फक्त हवा वरून घेतो. गाडी तरंगायची ती तरंगतेच आणि पाइपाचे खालचे सांधे पक्के नसतील तर पाणी जायचं तिथून जातंच. त्यापेक्षा कमी चर्चेतली पण जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे डिफरन्शियलचा ब्रीदर. चालून गरम झालेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ती ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरची नळी इंजिनाच्या उंचीपर्यंत नेऊन ठेवणं हे गॅरेजमधलं थोडक्या वेळाचं काम आहे. पाण्यातून जाऊन आल्यावर एक्सलचं ऑइल बघायचं. ते दुधाळ चहासारखं दिसलं, तर पाणी गेलेलं आहे. बदलून टाका.

पोट वाचवा, उंची वाढवायची घाई नको

थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, जिम्नीचा २१०. पण गाडी कुठे टेकते, हे फक्त या आकड्यावर ठरत नाही. पुढचा ओठ चढाला लागतो का, मागचा बंपर उतरताना घासतो का आणि मधलं पोट उंचवट्यावर बसतं का, असे तीन कोन असतात. यातला पोटाचा कोन लांब गाडीत कमी होतो. थार रॉक्सचा व्हीलबेस तीन दरवाजांच्या थारपेक्षा मोठा आहे, त्यामुळे छोटी थार जिथून निघते तिथे रॉक्स पोटावर बसू शकते.

उपाय म्हणून खाली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची जाड प्लेट बसवतात, जी इंजिनाचा चेंबर, ट्रान्स्फर केस आणि डिझेलची टाकी वाचवते. दगडांच्या वाटेवर जाणाऱ्यासाठी हा खर्च योग्य. बसवून घेताना ऑइल काढायचा बोल्ट उघडता येईल असं छिद्र ठेवलंय का, तेवढं बघा. नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला अख्खी प्लेट उतरवावी लागते.

गाडी उंच करणं मात्र वेगळं प्रकरण. दोन इंच उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी लवकर उलटते. शाफ्टचे कोन बदलतात, जॉइंट लवकर झिजतात, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यावर छताला कॅरिअर लावून तंबू आणि पाण्याचे कॅन ठेवले, तर सगळं गणित आणखी बिघडतं. जड सामान खाली, मागच्या सीटच्या मागे आणि पट्ट्याने आवळून. मोकळा जॅक किंवा टूलबॉक्स गाडी उलटली की आतल्या माणसांच्या डोक्यावर येतो.

एकेकाळी या भागात प्रवासी वाहतूक करणाऱ्या जीपगाड्यांना पाट्यांचं सस्पेन्शन असायचं आणि त्यांतल्या बहुतेकींना फोर बाय फोर नव्हतंच. तरी त्या चालायच्या. कारण चालकाला प्रत्येक दगड माहीत होता.

टोचन : इथे जीव जाऊ शकतो

अडकलेली गाडी ओढून काढणं म्हणजे टोचन लावणं. बागलाणात ही सोय जवळपास सगळीकडे आहे, कारण ट्रॅक्टर सगळीकडे आहे. ट्रॅक्टरवाला येतो, साखळी टाकतो आणि विचारतो, ‘कुठं लावू?’ या प्रश्नाचं उत्तर गाडीमालकाला आधीच माहीत हवं.

बंपरला लावायची नाही. बंपर उखडून येतो. स्टिअरिंगच्या रॉडला किंवा एक्सलच्या नळ्यांजवळ नाही. ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला तर कधीच नाही. तो ताणाखाली तुटला, तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि अशा घटनांत जगभर माणसं मेलेली आहेत. चेसिसला पक्का बसवलेला टो हुक किंवा टोइंग आय कुठे आहे, ते घरी असतानाच गाडीखाली वाकून बघा. काही गाड्यांत तो टूलकिटमध्ये वेगळा दिलेला असतो आणि बंपरमधल्या झाकणाआड फिरवून बसवायचा असतो. चिखलात, अंधारात तो शोधत बसायची वेळ येऊ नये.

साखळी आणि लोखंडी दोर ताणत नाहीत. झटका दिला तर ताकद थेट सांध्यावर येते. त्यामुळे साखळीने ओढायचं असेल तर आधी ती तणावात आणायची आणि मग सावकाश, एकसारखं ओढायचं. झटका देऊनच काढायची असेल, तर त्यासाठी ताणणारा कायनेटिक दोर वेगळा मिळतो. तो रबरासारखा ऊर्जा साठवून हळूहळू सोडतो. पण त्याच कारणाने तो तुटला तर जास्त धोकादायक. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा घोंगडी टाकायची, म्हणजे तुटला तर तो उडण्याऐवजी खाली पडतो. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढणारा सर्वांत जवळ उभा असतो, त्याला आधी हाकला.

ओढण्याआधी फावड्याने चाकांसमोरची माती काढली आणि दगड, फांद्या किंवा ट्रॅक्शन बोर्ड घातले, तर बऱ्याचदा ओढावंच लागत नाही. फावडं ही ऑफरोडिंगमधली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. घरचं चालतं.

विंच लावायचा असेल, तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा लागतो. तो पुढे बरंच वजन वाढवतो आणि ओढायला समोर आधार लागतो. बागलाणच्या उघड्या उतारांवर असं मजबूत झाड नेहमी सापडेलच असं नाही. सापडलंच, तर दोर थेट न बांधता रुंद पट्टा वापरायचा, नाहीतर साल सोलली जाऊन झाड मरतं. महिन्यातून एकदा फिरणाऱ्याने विंचच्या पैशांत दुसऱ्या गाडीवाल्या मित्राला सोबत न्यावं. एकट्या गाडीने अवघड वाटेला जाऊ नये, हा नियम विंचपेक्षा जुना आणि भरवशाचा आहे.

आरटीओ आणि वन विभाग काय म्हणतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे. कारण फक्त पादचाऱ्यांचं नाही. बुलबारमुळे धडकेचा जोर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत नीट पोहोचत नाही. भलत्या मापाचे टायर, डोळे दिपवणारे एलईडी बार हेही याच कक्षेत येतात आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलांकडे बोट दाखवते. हवा, गेज, दोर, फावडं, कॉम्प्रेसर यांना मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

राखीव वनात विनापरवाना शिरणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. डोंगराकडे जाणारी प्रत्येक चाकोरी सार्वजनिक रस्ता नसते. साल्हेर राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे. गाडी वाघांबे किंवा साल्हेरवाडीत लावायची आणि पुढे पायी. उतारावर चाकाने गवत सोललं की पहिल्या पावसात तिथे घळ तयार होते, म्हणून मळलेली वाट सोडून नवी पाडायची नाही.

शिकायचं असेल, तर तशी सोय जिल्ह्यातही झालेली आहे. महिंद्राने इगतपुरीत ऑफरोड प्रशिक्षण अकादमी सुरू केली होती. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा भरू लागली. पण तिथल्या गाड्या, तिथले दोर, तिथली डॉक्टरांची टीम वेगळी असते. त्या व्हिडिओंवरून सटाण्याच्या नाल्याचा अंदाज बांधू नये.

निघताना आणि परत येताना

डोंगराच्या घळीत मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, कुठे चाललोय आणि कधी परतणार हे सटाण्यात किंवा पायथ्याच्या गावात कुणाला तरी सांगून जा. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना माहीत आहेत, पण ते लावायला रेंज लागते. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी, टॉर्च, बॅटरीला लावायच्या जंपर केबल आणि एक जुनी चादर. गाडीखाली झोपायची वेळ आली की चादरीची किंमत कळते.

परतताना ताहाराबादला डांबर लागलं की आधी फोर बाय फोर काढायचं आणि हवा पूर्ववत भरायची. २० पीएसआयवर ८०च्या वेगाने गाडी पळवली, तर टायरची भिंत सतत वाकून तापते आणि आतून सुटू लागते. असा टायर त्याच दिवशी फुटेल असं नाही, पुढच्या महिन्यात हायवेवर फुटू शकतो. घरी आल्यावर खालची माती पाण्याने काढताना ब्रेकच्या नळ्या, शॉकॲब्सॉर्बर आणि चाकांचे रबरी बूट फाटलेत का ते बघून घ्यायचं. चाकांचे नट पुन्हा एकदा आवळायचे. खडबडीत वाटेवर ते सैल होतात आणि त्याचा आवाज आधी येतोच असं नाही.